कोल्डफूटच्या काउंटरवर बदललेला बेत

अलास्कातील फेअरबँक्सहून उत्तरेला निघाल्यावर सुमारे ४१५ किलोमीटरांवर कोल्डफूट लागते. त्याला गाव म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण तिथे ट्रकचालकांसाठी एक खाणावळ, एक पेट्रोल पंप, राहण्याच्या काही खोल्या आणि रस्त्याच्या पलीकडे आर्क्टिक इंटरएजन्सी व्हिजिटर सेंटर, एवढाच पसारा आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, नॅशनल पार्क सर्व्हिस आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस ही तीन केंद्रीय खाती हे माहिती केंद्र मिळून चालवतात. आजूबाजूच्या अफाट सार्वजनिक जमिनी याच तीन खात्यांत वाटलेल्या असल्याने प्रवाशाला तीन दारे ठोठावावी लागत नाहीत. केंद्र साधारण मेअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडे असते आणि वेळा वर्षागणिक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

आम्ही ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. जून-जुलैत तिथे डासांचे राज्य असते. ऑगस्टमध्ये ते ओसरते आणि टुंड्रावर लाल-पिवळा रंग चढू लागतो. सोबत पत्नी आणि कोल्हापूरहून आलेले माझे सासरे होते. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. हा तपशील सांगण्याचे कारण असे की, या रस्त्यावर आम्ही दोघे डोंगर पाहत होतो आणि दादा रस्त्यालगत जाणारी तेलाची नळी.

डाल्टन हायवे हा रस्ता मुळात त्या नळीसाठीच झाला. १९७४ मध्ये तो बांधला गेला, १९७७ मध्ये नळीतून तेल वाहू लागले आणि अगदी उत्तरेच्या डेडहॉर्स या वस्तीपर्यंत सामान्य वाहनांना परवानगी मिळायला १९९४ उजाडले. रस्त्याची लांबी ४१४ मैल. तिथे सगळा हिशेब मैलांच्या पाट्यांवर चालतो आणि तो फेअरबँक्सपासून नव्हे, तर या रस्त्याच्या आरंभापासून मोजतात, म्हणून मीही पुढे तेच मैल देतो. सुमारे ८०० मैल लांबीच्या या नळीचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीच्या वर, खांबांवर आहे. खालची माती बारमाही गोठलेली असते. नळीतील गरम तेलाने ती वितळली, तर सगळेच खचेल. अनेक खांबांच्या माथ्यावर पंख्यांसारख्या पात्यांच्या जोड्या दिसतात, त्या जमिनीतली उष्णता वर खेचून हवेत सोडतात. दादांनी हे केंद्रातल्या रेंजरबाईंकडून दोनदा समजून घेतले आणि त्यांनीही ते दोनदा, न कंटाळता सांगितले.

फेअरबँक्सहून सकाळी सातला निघून, ५६व्या मैलावर युकॉन नदीच्या लाकडी फळ्यांच्या पुलाजवळ आणि ११५व्या मैलावर आर्क्टिक वृत्ताच्या फलकापाशी थांबत, आम्ही दुपारी तीनला १७५व्या मैलावर, कोल्डफूटला पोहोचलो. आमचा मूळ बेत त्या दिवशी कोल्डफूटला राहून दुसऱ्या दिवशी डेडहॉर्स गाठायचा होता. केंद्रात शिरताना पत्नीने राष्ट्रीय उद्यानांच्या ‘पासपोर्ट’ नावाच्या आठवणवहीत शिक्का मारण्याचा विषय काढला होता; प्रत्यक्षात आम्ही दीड तास काउंटरवरच घालवला. रेंजरबाईंनी आधी आमच्याकडे किती चाके जादा आहेत हे विचारले. उत्तर होते, एक. पुढे ॲटिगन खिंडीत ताजा बर्फ आणि त्यापलीकडे पावसाने झालेला चिखल असल्याचे त्यांनी सांगितले. कोल्डफूटपासून डेडहॉर्सपर्यंत सुमारे २४० मैल पेट्रोल नाही, खाणे नाही आणि मोबाइलचा सिग्नलही नाही. ‘जाऊ नका’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नकाशा पुढे सरकवला आणि २०४व्या मैलावरच्या सुकाकपाक डोंगरावर व २४४व्या मैलावरच्या खिंडीवर बोट ठेवले. हवा उघडली तर खिंडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत या, एवढेच सुचवले. आम्ही तेच केले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. सुकाकपाकची संगमरवरासारखी फिकट कडा ढगांतून बाहेर आली, तेव्हा रस्त्यावर आमच्याखेरीज कोणी नव्हते.

म्हणून मागून जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की, हे केंद्र परतीच्या वाटेवर नव्हे, जाताना गाठावे आणि तिथे जाईपर्यंत पुढचा बेत पक्का करू नये. गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात पायी जाणाऱ्यांनी तर इथे थांबल्याशिवाय पाऊल टाकूच नये, कारण त्या उद्यानात ना रस्ता आहे, ना पायवाट. रानात मुक्काम करणाऱ्यांना अन्न ठेवण्यासाठी अस्वलांना न उघडणारे डबे इथे वापरायला मिळतात. आमची लसणाची चटणी गाडीतच बंद राहिली. तिचा वास लपवणारा डबा अजून निघालेला नसावा.

गाडीबाबत सावध राहावे. भाड्याच्या अनेक गाड्यांच्या करारात या रस्त्याला बंदी असते, म्हणून करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि परवानगी लेखी घ्यावी. दोन पूर्ण आकाराची जादा चाके असणे उत्तम. पेट्रोल फेअरबँक्सला आणि कोल्डफूटला, दोन्हीकडे काठोकाठ भरावे. समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरकावे. मी एकदा पुरेसा वेग कमी केला नाही आणि काचेवर रुपयाएवढा तडा घेऊन परतलो. चूक पूर्णपणे माझी होती आणि तिची किंमतही मीच भरली.

शाकाहारी मंडळींनी खाणावळीवर अवलंबून राहू नये. आम्ही दशम्या, भाजके पोहे आणि गरम पाण्याचा थर्मास नेला होता, त्यावर दोन दिवस सहज निघाले. मुक्कामासाठी १८०व्या मैलावर मॅरियन क्रीकचा तळ आहे. तंबू नसेल, तर कोल्डफूटची खोली खूप आधी ठरवावी लागते. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात आणि ते ओल्या चिखलाबरोबर गाडीच्या खालच्या भागाला चिकटते. फेअरबँक्सला परतल्यावर गाडी खालून धुवून घेतली, तेव्हा धुणाऱ्या मुलाने विचारले, “डाल्टन?” दादांनी मराठीत उत्तर दिले, “अर्धाच.”