लावलेली रोपं : शून्य

खाडीकाठी खारफुटीची लागवड : आठवीची चाळीस मुलं, पोटरीभर चिखल आणि पाटीभर कांदळाच्या शेंगा. शेंगा आपल्या म्हणायच्या एवढंच. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि हातभर रोप होऊन खाली पडतं, हे सांगितलं की मुलांचे डोळे हमखास मोठे होतात. मग तिवर या दुसऱ्या खारफुटीचं पान चाटायला द्यायचं. पानातून मीठ बाहेर टाकणारं झाड कोण विसरेल? माझा ठरलेला प्रयोग, वर्षानुवर्षं रंगणारा.

त्या दिवशी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात मी दोरीने रांगा आखत होतो. एक मुलगी बाजूला उकिडवी बसली होती. तिच्या हातात आमच्याच मागच्या लागवडीतली काडी. वाळलेली, आणि खालपासून वरपर्यंत बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवाच्या खरखरीत कवचांनी मढलेली.

"सर, सगळ्या अशाच आहेत. इथे आधी झाडं होती का?"

"नाही."

"मग आपण इथे का लावतोय?"

कारण जागा मोकळी होती आणि फोटो छान यायचे. हे काही बोलवेना. खारफुटी साधारण एकतृतीयांशाहून जास्त वेळ पाण्याखाली राहिली तर तगत नाही, हे मला पाठ होतं. आधी पाण्याची वाट मोकळी करा, रोपं बहुतेकदा आपली आपण येतात, हे रॉबिन लुईस या अमेरिकी अभ्यासकाचं सांगणंही वाचलेलं. शिवाय तो चिखल मोकळा कुठला! किडे, खेकडे, शिंपले आणि ते टिपायला येणारे पाणपक्षी. त्यांच्या ताटात आम्ही काड्या खोवत होतो.

दोरी गुंडाळली. मुलांना बांधापलीकडे नेलं. तिथे जुनी तिवरं उभ्या उभ्या वाळली होती, बुडाशी कुबट, साचलेलं पाणी. बांधाखालच्या पाइपाचं तोंड गाळ-प्लास्टिकने बुजलेलं. त्या वाटेने मी कितीदा गेलो असेन, देव जाणे. परवानगीसाठी दोन फोन केले आणि घमेली घेऊन भिडलो. दोन तास नुसती घाण.

भरती लागली तसं पाइपातून आधी गुळगुळ आवाज आला, मग गढूळ पाणी आत सरकायला लागलं. कुणीतरी एक शेंग प्रवाहात सोडली. ती आडवी तरंगत पलीकडे निघाली आणि पोरांनी आख्खी पाटीच रिकामी केली. मी अडवलं नाही.

अहवालात 'लावलेली रोपं' या रकान्यात शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी निधी देणाऱ्यांचा फोन : "पुढचे आकडे टाइप करायचे राहिलेत का?"