तीनच स्वर

रविवार, रात्री साडेदहा

आज गिटारवर पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी वाजलं. उद्यापर्यंत थांबवत नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

दीड महिना झाला, ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचं एक स्केल, घोटतेय. पाचव्या फ्रेटवरचा (दांडीवरच्या पाचव्या घरातला) पहिला बॉक्स, म्हणजे बोटांच्या जागांचा ठरलेला साचा, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत खालून वर, वरून खाली. बोटांना आता बघावं लागत नाही. पण बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग, लावला की मी तीच शिडी चढत-उतरत राहायचे. एकही स्वर चुकीचा नाही आणि तरी गाणं नाही, याचं फार वाईट वाटायचं.

संध्याकाळी आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "अगं, हे पलटे झाले. आलाप कधी घेणार?" मग सहज गुणगुणली, आणि माझ्या लक्षात आलं की ए ला सा धरला तर माझी पेंटॅटॉनिक म्हणजे सा, ग, म, प, नी. ग आणि नी कोमल. धानी रागाचेच स्वर! लहानपणी ते गळ्यातून म्हटलेत मी. फ्रेटवर कधी ओळखलेच नव्हते.

आई सगळे स्वर एका दमात घेत नव्हती. नी-सा एवढंच, मग श्वास. मग ग ला स्पर्श करून परत सा.

मीही तेवढंच घेतलं. दुसऱ्या तारेवर आठवा फ्रेट, पहिल्या तारेवर पाचवा आणि आठवा. नी, सा, ग. बाकी सगळं बंद. ट्रॅक संथ होता, ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येक कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीला) चार मात्रा. एक छोटी ओळ वाजवायची आणि पुढच्या चार मात्रा नुसतं ऐकायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड गेलं, बोटं आपोआप तारेकडे धावतात.

पण ऐकल्यावर कळलं, तोच कोमल ग सी कॉर्डवर घरी आल्यासारखा बसतो आणि लगेच पुढच्या जी कॉर्डवर अधांतरी लोंबकळतो. तिथे तो धरून ठेवला, ए मायनर परत येताच सा वर उतरले. अंगावर काटा आला.

नंतर बराच वेळ एका बेंडवर गेला. दुसऱ्या तारेवरचा नी ओढून सा पर्यंत न्यायचा, आपली मींडच ती. अनामिकेमागे मधलं बोट लावून ढकलायचं, आणि सूर पोचला का ते पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी ताडून बघायचं. बहुतेक वेळा कमीच पडत होता. बोटाच्या टोकावर तारेची खोल रेघ उमटली. दहा-बारा वेळांत एकदा दोन्ही तारा अगदी एक झाल्या, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हां, हा लागला."