मशीनवर ९०, भट्टीत ७८

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात गलाई म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळात शेतीवर पोट भरेना, म्हणून आमची माणसं सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर पांगली. मीही तमिळनाडूत उमेदीची वर्षं काढून गावी परतलो. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, आणि पाइपलाइनसाठी बायकांचे दागिने मोडायला लोक माझ्याकडे येतात.

गेल्या महिन्यात असंच एक जोडपं आलं. बोरमाळ आणि पाटल्या, सगळं मिळून ४५.२०० ग्रॅम. माहेरचं सोनं, हॉलमार्कच्या आधीचं. नवऱ्याच्या आग्रहाखातर पाटली शुद्धता मोजायच्या मशीनखाली धरली, आकडा आला ९० टक्के. तो खूश झाला. मी तेव्हाच म्हणालो, "पावणं, हे वरवरचं आहे. मशीन कातडी वाचतं, हाड नाही."

सोनार दागिना उजळतो तेव्हा मीठ, तुरटी, सोरा घालून तापवतो. त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि सोनं वर राहतं. आत मिसळलेलं तांबं जागच्या जागी असतं. मशीनचा किरण त्या पातळ थरापलीकडे फारसा पोचतच नाही. बाजारातले कितीतरी लोक या आकड्यावर सौदे करतात याची मला चीड येते.

दोघांना भट्टीसमोर बसवलं. आमच्याकडे मालकाच्या डोळ्यांआड मूस चढत नाही. बोरमाळेच्या मण्यांतली लाख धूर होऊन गेली. मळ वेगळा करणारी सवागी टाकली, रस फिरला, लगड ओतली. वजन ४१.६०० ग्रॅम. लगडीला कानस मारून आतला भाग तपासला. ७८.

"शेठ, मगाशी नव्वद हुतं की! भट्टीत बारा टक्के गेलं कुठं?"

मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. डाग म्हणजे सांधे जोडायची धातू; ती दागिन्याच्या आधी वितळायला हवी, म्हणून तिच्यात तांबं-चांदी जास्त असते. मण्यांच्या दागिन्यात डाग भरपूर. पण पाटल्यांचं काय? त्यांत मिसळ मुद्दाम केलेली होती, हेही मी बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळून म्हणाला, "तुझ्या बापानं फशिवलं आमाला."

ती गप्प राहिली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, अण्णांनी दोन बैल इकून केलंतं हे."

तिनं पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली. वजन आणि रक्कम, बस्स. ना दुकानाचं नाव, ना कॅरेट, ना शिक्का. रक्कम मात्र बावीस कॅरेटच्या भावानं लावलेली, लाखेसकट. असल्या कच्च्या चिठ्ठ्यांवर आपल्याकडे कित्येक लग्नं उरकली. भारतात सोन्याला हॉलमार्क २००० साली आला आणि सक्तीचा व्हायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात ज्यानं पूर्ण पैसे मोजले त्याच बापाच्या माथी आता खोटेपणा येतो, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याचं कुणी नावही घेत नाही. मी नवऱ्याला हे तोंडावर सांगितलं. "सासऱ्यानं ४५ ग्रॅमचे पैसे भरलेत. फसला तो. तुम्ही नंतर." त्यानं मान वळवली.

शुद्ध सोनंच हवं होतं, म्हणून पुढचं काम केलं. एक भाग सोन्याला तीन भाग चांदी होईल एवढी मिळवली, रस पाण्यात ओतून दाणे पाडले, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळले. तांबूस वाफ उठली. याच वाफेनं आमच्या जुन्या माणसांच्या छात्या गेल्या. धुराडं नसलेल्या खोल्यांत त्यांनी जन्म काढला. चांदी-तांबं विरघळून खाली चॉकलेटी भुकटी उरली. धुऊन पुन्हा आटवली तेव्हा कुठं ती पिवळी झाली. ३२ ग्रॅमच्या थोडं वर. ॲसिडात विरघळलेली माझी चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत तळाला बसवली.

पावती लिहायला घेतली. नवरा गाडी काढायला बाहेर गेला होता. ती म्हणाली, "दादा, वजन तेवढं लिवा. टक्का नगं."

टक्का न लिहिता पावती देता येत नाही, आणि मी तशी देणारही नाही. तिला तसं सांगितलं. पण खाली एक ओळ स्वतःहून घातली: जुना माल, लाख आणि डागासहित, विक्रेत्याची मिसळ. अशी ओळ मी आजवर कुणाच्या पावतीवर लिहिली नव्हती.

तिनं ती वाचली, पावती घडी करून कच्च्या चिठ्ठीबरोबर पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "आता ह्ये माझ्यापाशीच ऱ्हाउंदे." मी सोनंही तिच्याच हातात दिलं.