एक आण्याचा बोधिसत्त्व

संग्रहालयाच्या नोंदणी विभागात मी काम करते. देणगीतून आलेली वस्तू उघडायची, मोजायची, नोंदवहीत चढवायची. त्या दिवशी टेबलावर एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याचा अल्बम होता. त्यांची मुलगी तो साडीच्या घडीत गुंडाळून घेऊन आली होती.

मधल्या दोन पानांवर १५ ऑगस्ट १९४९ ची मालिका होती. स्वतंत्र भारताची ही नेहमीच्या वापराची पहिली तिकिटं, एकूण १६, आणि त्यांवर बहुतेक आपल्या वास्तू आणि शिल्पं. काकांनी ती किमतीच्या क्रमाने लावली होती. तीन आण्यांना सांचीचं तोरण, साडेतीन आण्यांना बुद्धगयेचं मंदिर, चार आण्यांना भुवनेश्वरचं देऊळ, सहा आण्यांना विजापूरचा गोल घुमट, आठ आण्यांना खजुराहोचं कंदारिया महादेव, बारा आण्यांना अमृतसरचं सुवर्णमंदिर. फाळणीला दोनच वर्षं झाली होती, आणि तेव्हा या देशाच्या पाकिटांवर स्तूप, देऊळ, घुमट आणि गुरुद्वारा एकाच मालिकेतून फिरू लागले. हे पान उघडलं की मला अजूनही भरून येतं.

एक आण्याच्या चौकटीत मात्र तिकिटं दोन होती. दोन्हींवर बोधिसत्त्व, दोन्हींचा रंग तोच निळसर हिरवा. मी चिमट्याने एक उचललं आणि 'दुबार' लिहिलेल्या पाकिटात टाकलं. एकसारख्या प्रतींतली एकच ठेवायची, हा आमचा नियम.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी मूर्तिशास्त्र शिकलेले. ते चहा घ्यायला उठले आणि जाता जाता थबकले.

"पाकिटातलं बाहेर काढ जरा. हात बघ."

भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवली. एकातल्या मूर्तीने डावा हात पुढे केला होता, दुसऱ्यातल्या मूर्तीने उजवा. आरशातलं प्रतिबिंब आणि खरा माणूस, तसं. सुरुवातीला छापताना मूर्तीचं चित्र उलटं गेलं होतं, आणि १९५० मध्ये ते सुलट करून पुन्हा काढलं. अभ्यासकांना ही गोष्ट चांगली माहीत आहे. मी वाचलेलीही होती, तरी हाताला आठवली नाही.

चूक कोणाची, हा प्रश्न मला त्या क्षणी नव्हता. मला दिसत होते ते काका. आपल्याकडे देताना-घेताना उजवा हात पुढे करतात. मूर्तीतही कुठला हात कुठे हे मन मानेल तसं ठरत नाही. नवीन तिकीट खिडकीवर आलं तेव्हा त्यांनी तो हात पाहिला असणार, पैसे मोजून एक घेतलं असणार आणि जुन्याच्या शेजारी लावलं असणार. खाली पेन्सिलीने दोनच शब्द होते: 'आधी' आणि 'नंतर'. मी ते वाचलेच नव्हते. अल्बमची नोंद करताना लिखाण आधी वाचायचं, हे मी दर नवीन मुलीला शिकवते.

मालिकेतली शेवटची चौकट रिकामी होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'शत्रुंजय, पालिताणा, १५ रुपये'. जैन मंदिरांचं ते तिकीट मालिकेत सर्वांत महाग. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे या एका तिकिटात बोधिसत्त्वाची २४० तिकिटं आली असती. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा दर दिवाळीला म्हणायचे, यंदा घेऊ."

आमच्याकडे शत्रुंजयचं एक जादा तिकीट होतं. पान पूर्ण दिसावं म्हणून ते तिथे लावू का, असं मी सहकाऱ्यांना विचारलं. ते काही बोलले नाहीत, अल्बम फक्त माझ्याकडे सरकवला.

मी तिकीट परत फाइलमध्ये ठेवलं. दोन्ही बोधिसत्त्व काकांनी लावले होते त्याच जागी परत लावले आणि नोंदवहीत लिहिलं: 'तिकिटं १६, दुबार नाही. पंधरा रुपयांची चौकट रिकामी, तशीच ठेवावी.'