डूहानला दिलेले दोन मार्क

आज पाण्याचा दिवस, पहाटे साडेचारला उठून टाकी भरली आणि मग परत झोप लागेना म्हणून लिहितोय.

काल रात्री फॉर्म्युला वनच्या २०२५ सीझनची शीट पूर्ण केली. अबुधाबीची शेवटची रेस झाली की आम्ही रुकींना, म्हणजे नवख्या ड्रायव्हरना, दहापैकी मार्क देतो, क्वालिफायिंग, रेस, टीममेटशी तुलना, चुका, सगळं धरून. लॉसन आणि कोलापिंटोला धरायचं का यावर दोन दिवस वाद चालला, पण आधीच ११ आणि ९ रेस चालवलेल्यांना रुकी कसं म्हणायचं, म्हणून दोघांना बाहेर ठेवलं. राहिले पाच. हाजारला ९, अँटोनेलीला ८, बेअरमनला ८ (मेक्सिकोतला तो चौथा नंबर, हास टीमच्या गाडीत, मी अजून विसरलेलो नाही), बोर्तोलेतोला ७. डूहानला २ (सहा रेसनंतर अल्पाइन टीमने त्याला काढलं). शेवटच्या कॉलममध्ये प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहायची असते, डूहानपुढे मी लिहिलं 'अपेक्षेप्रमाणे कामगिरी नाही'. ग्रुपवर टाकलं आणि झोपलो.

मामेभावाचा रिप्लाय रात्री दीडचा. "सहा रेसमधी काय कळतंय बे?"

एवढंच. पण पाइप धरून उभा होतो तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य माझं नाहीच. पुण्याच्या नोकरीतून मला काढलं त्या मेलमधलं आहे, शब्दन् शब्द. इतके दिवस मी ते वाक्य मनातल्या मनात शिव्या घालत वाचत होतो आणि काल तेच दुसऱ्या पोराच्या नावापुढे टाइप केलं, एक क्षणही न अडखळता.

तीन महिने. त्यातला पहिला महिना लॅपटॉप मिळायलाच गेला. हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला परत आलो त्या रात्री पप्पा स्टेशनवर काहीच बोलले नाहीत, नुसती बॅग घेतली हातातून. जाऊ दे ते.

सहा रेसमध्ये काय कळतं खरंच? १६ मार्चला मेलबर्नची रेस आपल्याकडे सकाळी साडेनऊला होती, आणि हाजार तर रेस सुरू व्हायच्या आधी, फॉर्मेशन लॅपलाच भिंतीवर गेला. हेल्मेट न काढता रडत चालला होता आणि हॅमिल्टनच्या वडिलांनी त्याला जवळ घेतलं. त्या दिवशी शीट बंद केली असती तर त्याला किती दिले असते मी? तोच पोरगा ऑगस्टअखेर झांडवुर्टला तिसरा आला, आणि २०२६ साठी रेड बुलने त्याला घेतलं. अँटोनेली ऑस्ट्रियात पहिल्याच लॅपला वर्स्टॅपनवर आदळला, युरोपातला जवळजवळ सगळा उन्हाळा त्याचा वाया गेला, तरी त्याला पूर्ण २४ रेस मिळाल्या म्हणून ब्राझीलमधला दुसरा नंबर दिसला आणि शेवटी १५० पॉइंट झाले.

पण मला खरं टोचलं ते बोर्तोलेतोचं. परत जाऊन तपासलं. मायामीनंतर, म्हणजे सहा रेस झाल्यावर, त्याचेही पॉइंट शून्यच होते, डूहानइतकेच. त्याचा पहिला पॉइंट ऑस्ट्रियात आला, अकराव्या रेसला, मग हंगेरीत सहावा. त्याला मी ७ दिले ते त्या पुढच्या रेसचे. त्या रेस डूहानला मिळाल्याच नाहीत. आणि त्याला काढून ज्याला बसवलं त्या कोलापिंटोलाही उरलेल्या सीझनमध्ये एक पॉइंट नाही, अल्पाइनचे सगळे २२ पॉइंट एकट्या गॅसलीचे, म्हणजे टीमच्या दुसऱ्या ड्रायव्हरचे. मग गाडी काय होती ते दिसतंच की.

सकाळभर मला त्या पोराची बाजू घ्यायची होती, म्हणजे कुणाची ते कळतंय मला. पण सुझुकाला फ्री प्रॅक्टिसमध्ये डीआरएस (सरळ रस्त्यावर वेगासाठी उघडायची मागच्या विंगची फडी) बंद न करता पहिल्या वळणात शिरला ती चूक त्याचीच होती. मेलबर्नला पहिल्या लॅपला भिंतीवर गेला तेही त्याचंच. आणि पुण्यात मी ती चुकीची फाइल पाठवली होती, ती मीच पाठवली होती, लॅपटॉप उशिरा मिळाला म्हणून नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिल्यावर वाटलं होतं तेवढं जड नाही वाटलं. चूक होती. तीन महिन्यांत एक होती. दोन्ही खरं आहे.

शीट उघडून त्याचे २ पुसले. दुसरा आकडा टाकायला गेलो तर सुचेना. ४ टाकले, पुसले. ५ म्हणजे दया वाटली म्हणून दिल्यासारखं. शेवटी आकड्याची जागा रिकामीच ठेवली आणि ओळ बदलली, 'सहा रेस. मायामीत क्वालिफायिंगला गॅसलीच्या पुढे.' मामेभावाने अजून बघितलेलं नाही, झोपला असेल.

दहाला दुकान उघडायचंय. गड्ड्याच्या (सोलापूरच्या जत्रेच्या) आधीचा चादरींचा माल येऊन पडलाय आणि नवीन पोराला अजून सिंगल-डबलच्या घड्या लावता येत नाहीत, काल गिऱ्हाइकासमोर अख्खी थप्पी पाडली. आज त्याचा नववा दिवस. पप्पा काल जेवताना म्हणाले, ठेवायचा का नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत सांग, आणि मी लगेच सांगणारच होतो.

गड्डा होईपर्यंत विचारू नका म्हणणार आहे.