शेण, मेण आणि झारीतला पाऊस

शनिवार, रात्रीचे साडेदहा

मनू आत्ता कुठे झोपली. बाल्कनीपासून मोरीपर्यंत मातीची पावलं उमटलीत. ती उद्या पुसेन.

सव्वादोन वर्षांच्या पोरीला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवते खरी, पण चिऊ-काऊशी तिचं काही केल्या जमत नव्हतं. तिसऱ्या पानावर पुस्तक मिटायची नि उठून चालायला लागायची. पाऊस यायचा, काऊचं घर वाहून जायचं, पण काऊ चिऊच्या दारापर्यंत कधी पोचलाच नाही. आज गवार निवडता निवडता सासूबाईंनी सहज विचारलं, "अगं, तिने शेण पाहिलंय का कधी?"

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर कुठून पाहणार? आणि मेण तरी? इन्व्हर्टर आल्यापासून मेणबत्त्या खणाच्या तळाशी पडल्यात. म्हणजे शेणाचं घर नि मेणाचं घर हे तिच्या लेखी नुसतं यमक होतं.

आई, म्हणजे सासूबाई, पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. विषय निघाला की गाडी कोसबाडला जातेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं कुठली आणायची, म्हणून शिंपले, खडे, पानं, बिया यांवरच मुलं शिकली. हे मी दहादा ऐकलंय. तरी गेल्या महिन्यात फेल्टचे कापड कापत रात्री बारापर्यंत बसले होते, सुरवंटाच्या गोष्टीसाठी. मनूला त्यातला फक्त रिकामा डबा आवडला.

आज खर्च शून्य. कुंडीतली माती कालवून काऊचं घर, चार जुन्या मेणबत्त्या रचून चिऊचं. झारी मनूच्या हातात. पहिल्याच पावसात काऊचं घर बसलं. "गेलं!" मग पुन्हा बांध, पुन्हा पाऊस, सहा वेळा. मधेच तिने मेणबत्तीवरून बोट फिरवलं. पाण्याचे थेंब नुसतेच घरंगळत होते. बोट माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "चिकत." चिकट नव्हतं खरं तर, गुळगुळीत होतं. पण तो शब्द तिच्याकडे अजून नाही. मी सांगितला, तिने ऐकला न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी पुस्तक काढलं. तिसऱ्या पानावर माझा श्वास अडकला. मनूने चित्रातल्या काऊच्या घरावर पंजा ठेवला, मग तोच पंजा नाकाशी नेऊन हुंगला. आणि बसून राहिली.

इतके दिवस मी आधी गोष्ट, मग खेळ असंच करत आले, जेवणानंतर बडीशेप द्यावी तसं. इथे उलटं हवं होतं. पण याचाही नियम करण्यात अर्थ नाही. म्हातारी नि भोपळ्याची गोष्ट आधीच पाठ होती, म्हणून तर मंडईतून आणलेला लाल भोपळा हॉलभर टुणूक टुणूक फिरला. नंतर घारग्यांसाठी तो चिरायला घेतला तर बाई ओट्याशी उभ्या. दोन फोडी झाल्यावर आत डोकावून, बिया चिवडून विचारते, "म्हाताली कुते?" मला उत्तर सुचलं नाही. घारगे मात्र चार खाल्ले.

असो. तर आज काऊ पहिल्यांदाच चिऊच्या दाराशी पोचला. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." हे तीन वेळा वाचायला लावलं.

साडेआठला वरणभात कालवून हाक मारली, तर मनू चटईवर, कापडी बाहुली मांडीवर आडवी.

"मनू, चल जेवायला."

"थांब, माज्या बालाला पावदल लावते."

दोन मिनिटांनी पुन्हा.

"थांब, काजल लावते."

आई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी ताटली घेऊन उभी. वरणभात गार.