तुमची उत्तरे धरायची का?

गुरुवार, रात्री साडेदहा.

सत्रातील शेवटचा सहभागी आज संध्याकाळी येऊन गेला आणि प्रयोगशाळेच्या दारावर पाच आठवडे चिकटवलेला ‘आत प्रयोग सुरू आहे, कृपया दार वाजवू नये’ हा कागद मी काढून टाकला. या पाच आठवड्यांत माझे काम एकच होते. मानसशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गातून क्रेडिटसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या श्रेयांकासाठी, नाव नोंदवून येणाऱ्या मुलामुलींना त्या चिंचोळ्या खोलीत बसवायचे, संमतीपत्र वाचायला द्यायचे, पडद्यावर उमटणाऱ्या शब्दांचा रंग कळ दाबून सांगायला लावायचे आणि पस्तीस मिनिटांनी त्यांना सोडताना हा सगळा खटाटोप कशासाठी होता याचा खुलासा करायचा. एकूण ६४ जण आले. ११ जणांनी नाव नोंदवले आणि ते फिरकलेच नाहीत. सत्राच्या आरंभी येणारी मुले दहा मिनिटे आधी हजर असतात आणि शेवटच्या आठवड्यातली धापा टाकत येतात, हे विभागात सर्वांना ठाऊक असलेले गुपित मीही आता माझ्या वहीत मोजून पाहिले आहे.

प्रयोगाचा सांगाडा जुनाच होता. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत दिसला की जिभेवर ‘लाल’च येते आणि ‘हिरवा’ म्हणायला क्षणभर अडखळावे लागते, ही गोष्ट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मोजून दाखवली. त्यांच्या प्रयोगात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, तर विसंगत शाईत छापलेल्या १०० शब्दांचे रंग सांगायला ११० सेकंद. हे आकडे ज्यांच्या अडखळण्यातून निघाले तेही महाविद्यालयातले विद्यार्थीच होते. पाठ्यपुस्तकात जे ‘माणसाचे अवधान’ म्हणून येते ते बऱ्याचदा एका विशिष्ट वयाच्या, एका विशिष्ट वर्गात बसणाऱ्या माणसाचे अवधान असते, अशी तक्रार मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४६ मध्येच केली होती, आणि २०१० मध्ये हेन्रिक, हाइने आणि नोरेंझायन या संशोधकांनी ती जगभरच्या पुराव्यांसह पुन्हा मांडली. तक्रार रास्त आहे. परंतु पाच आठवडे दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्यावर मला वेगळीच शंका छळू लागली आहे : विद्यार्थी अखिल मानवजातीचा प्रतिनिधी नसेल तर नसो, पण त्या खोलीत बसलेला असताना तो निदान स्वतःचा तरी प्रतिनिधी असतो का?

शंकेचे मूळ माझ्यातच आहे, हे येथे लिहून ठेवायला हरकत नाही. चार वर्षांपूर्वी मी प्रथम वर्षाला असताना अशाच एका खोलीत अर्ध्या क्रेडिटसाठी बसले होते. कळफलकावरच्या दोन कळांवर गोल चिकट्या लावलेल्या होत्या, एक लाल आणि एक हिरवी. लाल चिकटीची कड माझ्याआधी येऊन गेलेल्या कुणाकुणाच्या नखांनी उचकटली होती आणि तिच्याखालचा डिंक काळा पडला होता. पहिली दहा मिनिटे मी मन लावून कळा दाबल्या. त्यानंतर माझे सगळे लक्ष त्या उचकटलेल्या कडेवर गेले. ती नखाने दाबून बसवायची, पुन्हा उचलायची, असा माझा एक समांतर प्रयोग सुरू झाला आणि शेवटच्या फेरीत तर मी शब्द न पाहताच एकदा डावी, एकदा उजवी अशा कळा आळीपाळीने दाबत राहिले. अखेरीस पडद्यावर प्रश्न आला : ‘तुमची उत्तरे आम्ही विश्लेषणात धरावीत असे तुम्हाला वाटते का? कृपया प्रामाणिकपणे सांगा. तुमच्या क्रेडिटवर याचा कोणताही परिणाम होणार नाही.’ मी ‘हो’ दाबले.

क्रेडिट जाईल या भीतीने मी ‘हो’ म्हटले नव्हते. परिणाम होणार नाही असे स्वच्छ लिहिलेले होते आणि माझा त्यावर विश्वासही होता. दाराबाहेर एक संशोधक विद्यार्थिनी बसलेली होती, तिने मला आत सोडताना पाणी हवे का असे विचारले होते, आणि आता तिच्या समोरून ‘माझा काही उपयोग झाला नाही’ असे सांगून निघून जाणे मला जमण्यासारखे नव्हते. मला भीड पडली. तिला तो प्रश्न आणि त्याचे उत्तर त्या क्षणी दिसतसुद्धा नव्हते, तरी पडली. त्या प्रयोगाचे पुढे काय झाले, कुठल्या लेखात माझी आळीपाळीची उत्तरे कुणाच्या सरासरीत मिसळली, हे मी कधी शोधले नाही.

या भिडेचा आवाका किती असू शकतो, हे मला नंतर संमोहनाचे अभ्यासक मार्टिन ऑर्न यांचा १९६२चा लेख वाचताना कळले. संमोहनावरच्या संशोधनासाठी त्यांना असे एखादे काम हवे होते की जे शुद्धीवरचा माणूस कंटाळून मध्येच सोडून देईल. म्हणून त्यांनी सहभागी माणसापुढे सुमारे २,००० कागदांची चळत ठेवली. प्रत्येक कागदावर यादृच्छिक अंकांच्या ओळी आणि एक कागद पुरा करायचा तर २२४ बेरजा. त्याचे घड्याळ काढून घेतले आणि ‘काम चालू ठेवा, मी केव्हातरी परत येईन’ एवढेच सांगून प्रयोगकर्ता निघून गेला. साडेपाच तासांनी हार मानली ती प्रयोगकर्त्याने. पुढे त्यांनी प्रत्येक कागद पुरा झाला की त्याचे किमान ३२ तुकडे करून टाकायचे आणि पुढचा घ्यायचा अशी सूचना दिली, तरी लोक तासन्‌तास बेरजा करत आणि फाडत बसले. कारण विचारले असता त्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला : ही आपल्या चिकाटीची परीक्षा असणार. विज्ञानाला मदत करणारा ‘चांगला सहभागी’ होण्याची ही ओढ ऑर्न यांनी नेमकी हेरली. माझ्या ६४ जणांपैकी किमान दहा जणांनी खुलासा ऐकून झाल्यावर मला विचारले, ‘मग मला चांगले जमले का?’ येथे चांगले आणि वाईट असे काही नसते हे मी सांगायची, आणि ते मान डोलवायचे, आणि तरी दारात थांबून पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे पाहायचे.

संमतीपत्रातले ‘आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता, सहभाग थांबवू शकता’ हे वाक्य मी ६४ वेळा मोठ्याने वाचले. एकानेही सहभाग थांबवला नाही. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी तापाने फणफणलेली आली होती. विसाव्या मिनिटाला तिने दार किलकिले करून ‘मॅडम, मी गेले तर चालेल का?’ असे विचारले, आणि मी ‘हो, जरूर जा, क्रेडिट मिळेलच’ म्हटल्यावर ‘नको, मग पुरेच करते’ म्हणून पुन्हा आत जाऊन बसली. जो हक्क आहे असे मी आताच वाचून दाखवले होते, तो ती परवानगीसारखा मागत होती. मिळाल्यावर तर तिला तो वापरताच येईना.

नियमांच्या बाजूने पाहिले तर सर्व काही यथास्थित आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नीतिसंहिता सांगते की संशोधनातला सहभाग अभ्यासक्रमाचा भाग असेल किंवा त्याचे वाढीव गुण मिळणार असतील, तर ज्याला सहभागी व्हायचे नाही त्याला तोलामोलाचा दुसरा पर्याय दिला पाहिजे. पर्याय आमच्या वेळीही होता : एका शोधनिबंधाचा पाच पानी सारांश, अर्ध्या क्रेडिटसाठी. अर्धा तास कळा दाबणे आणि दोन रात्री जागून पाच पाने लिहिणे हे कोणत्या तराजूत समान भरते, ते तेव्हा कुणी विचारले नाही. आता तो एका पानावर आणला आहे, तरी यंदा तो घेणारे तिघेच निघाले.

मराठीत प्रात्यक्षिकाच्या वहीत आम्ही ‘प्रयोगकर्ता’ आणि ‘प्रयोज्य’ असे लिहायचो. मानसशास्त्रातल्या इंग्रजी लेखनाच्या नियमांनी १९९४ नंतर ‘सहभागी’ या अर्थाच्या शब्दाचा आग्रह धरला आणि आम्हीही तो उचलला, कारण ‘ज्याचा वापर करायचा तो’ असा अर्थ निघणारा शब्द अपमानास्पद वाटतो. मला मात्र जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटू लागला आहे. निदान तो काही लपवत नाही.

आज रात्री जेवण उरकून मी नोंदींची फाइल उघडली. ३८ क्रमांकाच्या ओळीत प्रतिसादाचे काळ असे होते : १४१, १५२, १३८, १४७ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत कुणी रंग पाहून कळ निवडू शकत नाही. ही बोटे शब्द उमटण्याची वाटही न पाहता चाललेली होती, आणि उत्तरे पाहिली तर डावी, उजवी, डावी, उजवी. ‘तुमची उत्तरे धरावीत का?’ या आमच्याही शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’. मला हसू आले आणि लगेच कानशिले गरम झाली.

त्याखाली बऱ्याच अंतरावर ६१ क्रमांकाची ओळ. तिच्यात ६४०, ७१२, ५९८, ८०५ असे हवे तसे आकडे आहेत, विसंगत शब्दांवर वेळ अपेक्षेप्रमाणे वाढलेला आहे, चुका मोजक्याच. एवढ्या स्वच्छ नोंदी या फाइलीत फार थोड्यांच्या आहेत. शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’, आणि खाली मोकळ्या चौकटीत एक ओळ : ‘मधल्या फेरीत माझे लक्ष घरी होते.’ क्रमांकावरून नाव शोधता येत नाही, तशीच सोय आम्ही केलेली आहे, त्यामुळे हे कुणी लिहिले ते मला कळणार नाही. मी मागे जाऊन मधली फेरी पुन्हा वाचली. लक्ष घरी असल्याची कोणतीही खूण त्या आकड्यांत मला सापडली नाही.

नोंदी पाहण्याआधीच आम्ही नियम लिहून ठेवला होता : २०० मिलिसेकंदांच्या आतले प्रतिसाद दहा टक्क्यांहून अधिक असतील तर ती ओळ गाळायची, आणि शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असेल तरीही गाळायची. नियम आधी लिहायचा तो अशाच रात्रीसाठी. मी ३८च्या ओळीवर करडी रेघ ओढली, थोडा वेळ थांबले, आणि ६१च्या ओळीवरही ओढली. क्रेडिटे दोघांचीही जमा झाली आहेत.